तीन राज्यांत न झालेलं पासिंग

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला नीट सांगता येईल. मी शहाणपणाच तसा केलाय.

आमचं शेत कर्नाटकातल्या ठाणाकुशनूरच्या शिवारात, डांबरी सडकेपासून आत. मधे काळी माती. श्रावणात तिथं चप्पल रुतली तर दिवाळीलाच निघायची! आमच्या अप्पांचे, म्हणजे वडिलांचे, दोन्ही गुडघे गेलेले. मोटारसायकलवर पाय टाकता येत नाही. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, "आमची तूर कशी हाय रे?" ते ऐकून मला फार वाईट वाटायचं. अप्पांना शेत दाखवायचंच, असं मी मनावर घेतलं. सगळा घोळ तिथंच झाला.

उदगीरकडच्या एका रिसॉर्टवाल्यानं जुनी एटीव्ही विकायला काढली होती. हँडल मोटारसायकलचं, चाकं चार आणि ट्रॅक्टरसारखी जाड. सीट ठेंगणं, अप्पांना बसता येईल असं, आणि चिखलात कुठंच अडत नाही म्हणे.

आम्ही पडलो सीमेवरची माणसं. महाराष्ट्रातली जुनी गाडी कर्नाटकात आणायची तर आधी तिकडची एनओसी, मग इकडचा टॅक्स. एका एनओसीपायी माझ्या मेहुण्याचे केस पिकले! म्हणून मी पहिला प्रश्न तोच टाकला.

"एनओसी कधी देताव?"

"हिला एनओसी लागतच न्हाई, अण्णा."

लागतच नाही! आनंदानं मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. का लागत नाही, एवढं विचारायला काय तोंड दुखत होतं का माझं? पण नाही विचारलं. टेम्पोत घालून घरी आणली. हेडलाइटवर विभूतीचे पट्टे ओढले, चारी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. नंबरपाटीला जागा नव्हती, तर वेल्डरकडून पट्टीसुद्धा मारून घेतली.

अप्पा म्हणाले, "आता जाऊ शेताकडं?"

"थांबा अप्पा, पासिंग होऊ द्या. सडकेवर पोलिस धरतेत."

दुसऱ्या दिवशी परत टेम्पो, आणि बिदर. आरटीओतल्या साहेबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. चालू करून दाखवा म्हणाले. दाखवली.

"हिचं पासिंग व्हत न्हाई. ही सडकेवरची गाडीच न्हाई."

"साहेब, चार चाकं हायत की!"

"हातगाड्याला बी असतेत."

इथं शहाणा माणूस घरी गेला असता. पण आमची सवयच वाईट. एका राज्यात अडलं की दुसऱ्यात करून बघायचं. पोरं शिकायला तिकडं, डिझेल इकडं, पाव्हणे तिन्हीकडं, मग काळजी कशाची?

तिसऱ्या दिवशी लातूर. तिथल्या बाईंनीही चालू करून घेतली आणि नाही म्हणाल्या. चौथ्या दिवशी तेलंगणात, जहीराबाद. तिथल्या साहेबांनी तर चहा पाजून नाही म्हटलं. "ये खेत का माल है भाई, खेत में चलाव. रोड पे लानाइच नहीं इसकू."

रोज सकाळी मी निघालो की अप्पा विचारायचे, "आज व्हतंय का?" मी म्हणायचो, आज नक्की. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही. मला वाटलं, रागावले असतील.

परतीच्या वाटेवर रिसॉर्टवाल्याला फोन लावला. "आधी सांगायचं की हो!"

"सांगतच व्हतो अण्णा. तवर तुमी टेम्पो बोलावलाव."

"मग वापस घेताव का?"

"न्हाई बाबा! लई दिसांनी गिऱ्हाईक घावलं व्हतं."

घरी कोणत्या तोंडानं न्यायची? टेम्पोवाल्याला म्हटलं, शेताच्या तोंडालाच उतरव. तो उतरवून गेला. मी बटण दाबलं, दाबलं, दाबलं. तीन राज्यांना चालू करून दाखवण्यात होतं तेवढं पेट्रोल संपलं होतं! चिखलात उभा राहून मला अगदी रडू आलं हो.

तेवढ्यात सडकेवरून शेजारच्या शिवण्णाची बैलगाडी शिवाराकडं वळली. आत पोत्याला टेकून कोण? आमचे अप्पा!

"अप्पा! तुमी हितं?"

"रोज यायलोय की. तू बिदरला गेलास, त्याच दिसापासनं. शिवण्णा मनला, चला, गाडी रिकामीच जायलीय."

"मग मला कामून सांगितलाव न्हाई?"

"तू घरी कुठं ऱ्हायलास? तूर बेस हाय. खालच्या कोपऱ्यात तेवढं पाणी साचलंय. तुला दिसलं न्हाई व्हय?"

कसं दिसणार? मी महिनाभर शेतात पाय टाकला नव्हता. गाडी शोधत होतो ना!

शिवण्णा बिचारा खाली उतरला. गाडीतला दोर काढला, एक टोक बैलगाडीला, एक माझ्या एटीव्हीला. "बसा अण्णा, हँडल धरा." पुढं बैल, मधे अप्पा आणि मागं विभूती लावलेल्या गाडीवर मी, असे आम्ही चिखलातून निघालो. तुरीत खुरपणाऱ्या बायका खुरपी टाकून उभ्या राहिल्या.

अप्पांनी मागं वळून बघितलं आणि ओरडले, "नीट धरून बस रे, पडशील!"