तिसाव्या दिवसाच्या आत

आंबागडच्या उषाबाई चौदा वर्षांपासून गावात आशा सेविका म्हणून काम करतात. दहावी शिकलेल्या, बोलायला कमी. बाळंतिणीच्या घरी जायचं, बाळाचं वजन करायचं, अंग गरम आहे की गार ते पाहायचं, आईला नीट पाजायला शिकवायचं. हे त्यांनी चोख केलं, आणि तरी एका पोराची नजर गेली.

ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मंगलाबाईंचा नातू सातव्या महिन्यातच जन्मला, तीन आठवडे दवाखान्यात काचेच्या पेटीत होता. घरी आल्यावर उषाबाई नेमानं जात. वजन वाढत होतं. त्यांनी रजिस्टरात ‘बाळ ठीक’ असं लिहिलं. पाचव्या महिन्यात आईच्या लक्षात आलं, की तो आवाजाकडे मान वळवतो, पण चेहऱ्याकडे पाहत नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी समजावलं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यामागच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या अर्धवट असतात. पुढे त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा सुटतो. बाहेरून डोळा चांगलाच दिसतो. पहिल्या महिन्याभरात तपासलं असतं तर इलाज होता.

दवाखान्यातून सुट्टी झाली तेव्हाच्या कागदावर डोळे तपासण्याची तारीख इंग्रजीत लिहिलेली होती. तो कागद उषाबाईंनी दोनदा हातात घेतला होता आणि वजनाचा आकडा पाहून परत दिला होता. त्यांना कुणी काही बोललं नाही. मंगलाबाई पहिल्यासारखाच चहा पाजत राहिल्या. उषाबाईंनी मात्र नर्सबाईंसमोर बसून तसल्या कागदाची ओळ न् ओळ समजून घेतली.

मागच्या साली जुलैत चंद्रभागाबाईंची सून डिंपल सात महिन्यांतच बाळंत झाली. मुलगी, वजन तेराशे ग्रॅम. चोविसाव्या दिवशी ती घरी आली. डोळ्यांची तपासणी तिसाव्या दिवसाच्या आत व्हायला हवी होती, आणि गावात धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, ऐन जोरात होता. डिंपलचा नवरा अमर गेला तर धानाच्या बांधीत चिखल कोण करणार, असं म्हणून चंद्रभागाबाईंनी दोनदा नकार दिला. पोरगी दूध पीत होती, टुकुटुकु पाहत होती.

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी उषाबाई सरळ त्यांच्या बांधीत गेल्या. लुगडं खोचून चिखलात उतरल्या, रोपांची एक पेंडी घेतली आणि चंद्रभागाबाईंच्या शेजारी रोवू लागल्या.

“तुयी बांधी सोडून इकडे काहून आली?”

“तिकडे हे आहेत. मामी, पोरीच्या डोळ्यांचं बोलाले आली.”

“सांगतलं ना, रोवणा झाला का जाऊ. आठ दिवसानं काय होते?”

“आठ दिवसात पडदा सुटू शकते. आपल्याले समजणारही नाही.”

चंद्रभागाबाई वाकून रोवत राहिल्या. मग म्हणाल्या, “मंगलाच्या नातवाच्या वेळेस काहून नाही बोलली मंग?”

उषाबाईंचा हात थांबला. तीन वर्षांत हे पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

“मले समजत नोहतं. कागद हातात होता. म्या वजनच पाहिलं.”

“मंगलाले हे सांगतलं?”

“नाही.”

चंद्रभागाबाईंनी पुढची ओळ रोवून संपवली. मग त्यांनी कंबर सरळ केली. “उद्या अमरले पाठवीन. तू संग जा.”

अमर, डिंपल आणि उषाबाई पोरीला घेऊन तुमसरहून नागपूरला गेले. बाळाला गारठा लागू नये म्हणून उषाबाईंनी शिकवल्याप्रमाणे डिंपलनं वाटभर त्याला उघड्या छातीशी धरून वरून पदर घेतला होता. डोळ्यांत थेंब टाकल्यावर तासभर थांबावं लागलं. मग डॉक्टर पापण्या फाकवून आत पाहू लागले. पोरगी ओरडत होती. डिंपल बाहेर भिंतीकडे तोंड करून उभी होती.

“दोन्ही डोळ्यांत सुरू झालंय,” डॉक्टर म्हणाले. “उद्याच लेझर करू. नजर वाचेल.”

“आठ दिवसानं आलो असतो तं?” अमरनं विचारलं.

“मग हे इतक्या खात्रीनं सांगता आलं नसतं.”

लेझर झालं. पुढच्या तीन महिन्यांत पाच चकरा झाल्या. मुलगी आता सव्वा वर्षाची आहे. डाव्या डोळ्यानं जरा कमी दिसतं. मागून पट्टा बांधलेला चष्मा ती दिवसातून दहादा ओढून फेकते आणि चंद्रभागाबाई तो उचलून पुन्हा चढवतात.

त्या साली रोवणा संपल्यावर उषाबाई मंगलाबाईंकडे गेल्या आणि कागदाचं सगळं सांगितलं. मंगलाबाई बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या.

“कागद तं माह्याही घरी होता,” एवढंच त्या म्हणाल्या. त्या दिवशी चहा झाला नाही.

यंदा उषाबाईंच्या भागात दिवस न भरता तीन बाळं जन्मली. त्यांतल्या एकाची आई सुट्टी झाल्यावर माहेरी, पवनीकडच्या कोंढ्याला निघून गेली. उषाबाईंनी तिथल्या आशा ललिताबाईंचा नंबर शोधून फोन लावला. दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या.

“सोळा तारखेच्या आत डोळे तपासाले न्याचं आहे,” उषाबाईंनी सांगितलं.

“हो, लिहून घेतो.”

“लिहा. अन् लिहिलं का मले वाचून दाखवा.”