दादाच्या रानातली येळवस

लोहाऱ्यात उतरलो तेव्हा बाजारपेठ पूर्ण बंद होती. रस्त्यावर कुत्र्यांशिवाय कोणी नव्हतं. नाशिकहून माझ्याबरोबर आलेल्या यजमानांनी विचारलं, इथं दंगा वगैरे झाला नाही ना? मला हसू आलं. येळवशीच्या (वेळ अमावस्येच्या) दिवशी आमच्या भागात माणूस गावात सापडत नाही. जेवण डोक्यावर घेऊन सगळे आपापल्या रानात जातात.

या येळवशीला येच, असं दत्तूदादानं स्वतः फोन करून सांगितलं होतं. माझा हा थोरला भाऊ फोनवर कधी धड दोन वाक्यं बोलत नाही, म्हणून मला नवल वाटलं होतं. आवाज बसलेला वाटला, तर म्हणाला, थंडी आहे.

गावाकडे जाणारी एकच जीप मिळाली. शेजारच्या बाईनं कुणाकडे निघालात म्हणून विचारलं. मी दादाचं नाव सांगितलं.

"दत्तूआण्णाची भैन व्हय? बरं झालं आलाव," एवढंच ती म्हणाली आणि उतरेपर्यंत बाहेर बघत राहिली.

रान मात्र सुरेख होतं. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, कडेनं करडई, पलीकडे घाट्यांनी भरलेला हरभरा. बांधावर दादा उभा होता. गळ्याला मफलर गुंडाळलेला, सदरा खांद्यावरून लोंबत होता. मी वाकून पाया पडले तेव्हा त्याच्या पायांच्या नुसत्या काड्या दिसल्या. विचारलं, तर त्यानं हातानंच काही नाही म्हणून सांगितलं आणि यजमानांच्या हातातली पिशवी घेतली.

कोपीत (कडब्याच्या खोपीत) वहिनींनी पूजा मांडली होती. पूजेनंतर शेताभोवती आरोळी देत आंबिल (ताकात ज्वारीचं पीठ आंबवून केलेलं पेय) शिंपडायची असते. दादा मडकं घेऊन पुढं निघाला. त्यानं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. पुन्हा प्रयत्न केला, नुसती हवा आली. मागून वहिनींनी आरोळी दिली. बाईमाणसानं अशी आरोळी दिलेली मी कधी ऐकली नव्हती. दादानं मागं पाहिलं नाही, शिंपडत चालत राहिला.

मग पंगत बसली. ज्वारी-बाजरीचे उंडे (वाफवलेले गोळे), रानातल्याच शेंगा, वाटाणे, हिरवे हरभरे घालून केलेली भज्जी (घट्ट मिसळभाजी), गव्हाची खीर. वाढायला दादाच होता. तू बैस म्हटलं की नंतर म्हणायचा. शेवटी मी त्याचा हात धरून त्याला शेजारी बसवलं आणि उंडा भज्जीत कालवून घास त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं वहिनींकडे पाहिलं, मग तोंड उघडलं.

घास खाली उतरला नाही. तो उठून ज्वारीत शिरला आणि तिथून जो आवाज येऊ लागला तो खोकल्याचा होता की ओकारीचा, कळेना. मी उठले, तर वहिनींनी मला धरलं.

"न्हाय जायाचं वन्सं. त्यास्नी कुणी बघितल्यालं आवडत न्हाय."

वाढण्याचा डाव हातात तसाच धरून त्यांनी सगळं सांगितलं. दिवाळीपासून घन काही गिळता येत नव्हतं. सोलापूरच्या डॉक्टरांनी अन्ननलिकेत गाठ असल्याचं सांगितलं होतं, लगेच भरती व्हा म्हणाले होते. दादा येळवस झाल्यावर येतो म्हणून परत आला होता. बहिणीला कळवायचं नाही, अशी त्यानं घरात शपथ घातली होती.

तो डोळे पुसत परत आला. मी विचारलं, का सांगितलं नाहीस?

"सांगितलो असतो, तर तू आज जेवली असतीस का, सुमे?" एकेक शब्द ओढत तो म्हणाला. मग माझ्या ताटाकडे बोट केलं. "खा. अन् भज्जी कशी झालीया ती सांग मला."

मला गिळवत नव्हतं, पण मी खाल्लं. शेंगा कोवळ्या आहेत म्हणाले, हरभरा गोड लागतोय, तिखट जरा कमी पडलंय. तो मान हलवत ऐकत होता. तिखटाचं ऐकून वहिनींकडे बघून हसलासुद्धा. नंतर वहिनींनी फडक्यातून गाळून दिलेली आंबिल तो घोट घोट पीत राहिला. यजमान ताटावरून उठून विहिरीकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला सोलापूरला घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासून मला बाजूला बोलावलं. शस्त्रक्रियेची वेळ गेली होती. आठवडाभर मी तिथं राहिले, मग त्याला वहिनींच्या हवाली करून नाशिकच्या गाडीत बसले. खिडकीबाहेर जागोजागी उभी ज्वारी दिसत होती. मी पडदा ओढून घेतला.

ज्वारी काढणीला यायच्या आत दादा गेला. काढणी शेजाऱ्यांनी केली.

आता पुन्हा येळवस आली आहे. काल वहिनींचा फोन होता. येणार असाल तर आधी कळवा, उंडे त्या अंदाजानं करते, म्हणाल्या. मी येते म्हटलं. फोन ठेवल्यावर यजमानांनी विचारलं, तुला तिथं जेवण जाईल का?

मला माहीत नाही. पण त्या रानात वहिनींनी एकटीनं ताट वाढून घ्यावं, हे मला सहन होणार नाही.