हाकेचं अंतर आणि सतरावी पायरी

इंचमावशीला फूट, मीटर कळत नव्हते अशातला भाग नाही. पण माणूस इंचात मोजला की खोटं बोलत नाही, असा तिचा एकतीस वर्षांचा अनुभव होता. कुणी पँट शिवायला आलं की टेप गळ्यातून उतरायच्या आधी तिची नजर कमरेभोवती फिरून यायची.

"बेचाळीस," ती म्हणायची.

"छे हो, छत्तीस!" गिऱ्हाईक म्हणायचं आणि पोट आत ओढायचं.

मावशी टेप लावून निवांत उभी राहायची. माणूस दम रोखून धरणार किती वेळ? श्वास सुटला की टेप बेचाळीसवर. मग ती वहीत आकडा मांडत म्हणायची, "पोट आत ओढून दिलेलं माप जेवायला बसलं की भांडतं." लोक चिडायचे, हसायचे, आणि पुढचं कापडही तिच्याकडंच टाकायचे.

घर तीन मजली आणि अरुंद. तळाला भाडेकरूची बेकरी, मधे बिऱ्हाड, वर मावशीची शिवणाची खोली. त्या खोलीची उत्तरेकडची खिडकी तिनं सासऱ्याशी भांडून पाडून घेतलेली. सुईत दोरा ओवायला असा उजेड दुसरीकडं मिळायचा नाही. पुढं गुडघ्यांनी राजीनामा दिला. मशीन मधल्या मजल्यावर आलं आणि वरची खोली रिकामी झाली.

रिकामी जागा आणि उघडं दूध, दोन्हीला वास काढत कुणीतरी येतंच. इथं आला धाकटा दीर. समोरच्या बाजूला त्याचं खुर्च्या भाड्यानं द्यायचं दुकान. "वहिनी, वर माझ्या प्लास्टिकच्या खुर्च्या रचतो. खिडकीला पत्रा ठोकला की पाऊसही यायचा नाही."

खिडकीला पत्रा! मावशीच्या काळजात सुई मोडली. पण घर दोघा भावांचं. नवरा गेल्यापासून तिचा आवाज घरात अर्धाच धरला जायचा.

सून पुढं सरसावली. "काका, ती खोली आपण पाहुण्यांना देऊ. दोन दिवस, चार दिवस. मोबाइलवर साइट असते, तिथं जाहिरात टाकायची. लोक राहतात, जाताना तारे देतात."

"दिवसा तारे दिसतील तुम्हाला," दीर म्हणाला. "एक वर्ष देतो. नाही जमलं तर खुर्च्या."

अकरा महिने कसेबसे गेले. मग एका दुपारी सून मोबाइल घेऊन खाली बसली ती उठेचना. साइटवाल्यांनी कळवलं होतं : तुमचे तारे घसरून साडेतीनवर आलेत. पुढचे तीन अभिप्राय चांगले आले नाहीत तर जाहिरात उतरवू.

"वाच, काय म्हणतात लोक," मावशी म्हणाली.

सुनेनं वाचलं. एकाला बेड छोटा पडला. एकीला पहाटे पाचला बेकरीच्या कणीक मळायच्या यंत्रानं उठवलं. तिघं म्हणत होते जिना विचित्र आहे, बॅगेसकट पडलो.

"आता आपण काय लिहिलंय ते वाच."

"प्रशस्त, हवेशीर, शांत खोली. आरामदायी बेड. स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर."

मावशीनं चष्मा कपाळावर चढवला. "कुणाच्या हाकेच्या?"

"आई, म्हणायची पद्धत असते ती."

"असू दे. तू स्टेशनवर जाऊन उभी राहा. मी हाक मारते."

सुनेला वाटलं सासूबाई चेष्टा करताहेत. पण मावशी एकेक पायरी धरत वर निघालीसुद्धा, तेव्हा तीही चपला घालून स्टेशनकडं निघाली. पंधरा मिनिटांनी तिनं उत्तरेची खिडकी उघडली, छातीत वारा भरला आणि आरोळी ठोकली, "अगंऽऽ पोरीऽऽ!"

बेकरीवाला पिठाच्या हातानं बाहेर धावला. "काय झालं? आग लागली?" कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं वस्तरा वरच्या वर धरला. समोर दुकानातनं दीर ओरडला, "वहिनी! कोण पडलं?"

"कोणी नाही! काम करा आपापलं!" असं सांगून मावशीनं आणखी दोन हाका मारल्या.

सून घामाघूम होऊन परतली. चपला काढता काढता तिनं विचारलं, "मग? मारली का हाक?"

मावशी इतकी हसली की ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाली, "पोरी, आपली जाहिरात पोट आत ओढून उभी आहे. पाहुणा येतो, दार उघडतो, आणि हिचा श्वास सुटतो. आण ती टेप."

दोन दिवस दोघींनी घर मापलं. बेड चौऱ्याहत्तर इंच. दाराची चौकट शहात्तर. स्टेशन सुनेच्या पायानं अकरा मिनिटं. आधी घरात सगळे दोन मिनिटं धरून चालायचे, कारण ते अंतर मावशीच्या लेकानं सांगितलेलं, आणि तो गाडी पकडायला चालत नाही, सुटतो. यंत्र पाचला सुरू, सव्वासातला बंद.

जिन्यात मात्र मावशीनं एका पायरीला टेप दोनदा लावली. चौतीस पायऱ्या. सगळ्या सात-सात इंच. सतरावी नऊ इंच. गवंड्यानं कधीकाळी घोळ घातलेला. घरच्यांच्या पायांना ती पायरी पाठ होती, त्यामुळं डोक्याला कधी कळलीच नाही. एकतीस वर्षं जगाची मापं काढणारी बाई रोज तिच्यावरून गेली होती.

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा," ती पुटपुटली. "लिही. सगळ्यात वर हेच लिही."

सुनेचं बोट थबकलं. पण मावशी सांगत गेली आणि ती लिहीत गेली :

"चौतीस पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. सतरावी पायरी दोन इंच उंच आहे, पाय जरा जास्त उचला. गुडघे दुखत असतील तर दुसरी खोली बघा, राग नाही. बेकरी पहाटे पाचला जागी होते. खिडक्या लावल्या तरी ऐकू येतं. बेड चौऱ्याहत्तर इंच, पण पायथ्याला फळी नाही, पाय बाहेर काढता येतात. दार शहात्तर इंच, उंच असाल तर मान लववा. स्टेशनवर हाक ऐकू येत नाही, मारून पाहिली आहे. चालत अकरा मिनिटं. उत्तरेच्या खिडकीतला उजेड मात्र दिवसभर सारखा."

दिरानं वाचलं आणि कपाळाला हात लावला. "वहिनी, झाकली मूठ सव्वा लाखाची! तुम्ही तर मूठ उघडून वर टॉर्च मारलात. कुत्रं फिरकायचं नाही."

"कुत्र्याला कशाला, माणसाला बोलावतेय."

आठवडा गेला. कुणी फिरकलं नाही. दहावा दिवस गेला. सून मोबाइल उपडा ठेवायला लागली. वर्ष भरत आलं आणि दिरानं खुर्च्यांची एक थप्पी आगाऊ जिन्याच्या तळाशी आणून ठेवलीही. येता-जाता मावशी त्या थप्पीकडं बघायची, जसं गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्या दुकानाची पिशवी घेऊन जाताना बघावं.

अकराव्या दिवशी एक ओळ आली : "पायथ्याला फळी नाही, हे नक्की?"

मावशीनं बेडवर टेप पसरली, सुनेनं फोटो काढून पाठवला. लगेच उत्तर : "तीन दिवसांसाठी येतो."

आला तेव्हा बेकरीवाला पुन्हा बाहेर आला. माणूस कसला, विजेचा खांब. बास्केटबॉलचा पंच होता, गावोगाव सामने करत फिरायचा. मधल्या मजल्यावर दाराआड सासू-सून कान लावून उभ्या. "ऐंशी इंच," त्याला खिडकीतून पाहिलेली मावशी कुजबुजली. "न मोजताच?" सुनेनं विचारलं. "मोजायला कशाला पाहिजे?"

जिन्यात जड पावलं वाजत होती. पाहुणा तोंडानं मोजत चढत होता. चौदा. पंधरा. सोळा. सुनेनं मावशीचा दंड धरला. पावलं थांबली. "सतरा!" तो मोठ्यानं म्हणाला, आणि एक भक्कम पाऊल पडलं. मग अठरा, एकोणीस, पार चौतीसपर्यंत.

आता चौकट. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. ना धडक, ना शिवी. मग वरून खदखदून हसू आलं.

तीन दिवसांनी त्यानं पाच तारे दिले आणि लिहिलं : "वीस वर्षं प्रत्येक खोली मला आरामदायी बेड सांगते आणि मी तिरपा झोपतो. प्रत्येक दार मला डोक्यानं कळतं. इथं पहिल्यांदा कुणी आधी सांगितलं. सरळ झोपलो. पाय बाहेर होते, पण ते माझ्या मर्जीनं."

उंच माणसांचं आपापसात बोलणंचालणं फार. पुढच्याच आठवड्यात एक खेळाडूबाई आली, अठ्ठ्याहत्तर इंच, पाच तारे. तिच्यामागून एक नर्स. तिची ड्यूटी सहाला. तिनं लिहिलं, बेकरीमुळं गजर लावावा लागला नाही आणि निघताना गरम पाव मिळाला. पाच तारे. आणि ज्यांचे गुडघे दुखत होते ते आलेच नाहीत, त्यामुळं जिन्यावर तक्रार करायलाही कुणी उरलं नाही. एका म्हाताऱ्या बाईनं तर मुद्दाम निरोप धाडला : "मी येणार नाही. पण सांगितलंत, फार बरं केलंत."

महिनाअखेरीला साइटवाल्यांचं पत्र आलं. जाहिरात राहणार होती. शिवाय नव्या लोकांना दाखवायला नमुना म्हणून ती वापरू का, असं विचारलं होतं. सुनेनं ते तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचताना मुद्दाम जिन्यात उभी राहिली, म्हणजे खाली ऐकू जावं.

दीर आला. थप्पी उचलली आणि चालता झाला.

मग मावशीनं गवंडी बोलावला. सतरावीचे जादा दोन इंच सगळ्या पायऱ्यांत वाटून जिना एकसारखा केला आणि त्याच संध्याकाळी जाहिरातीतली ती ओळ खोडायला लावली. "नसलेली खोडही सांगायची नाही," म्हणाली. पाहुणे आता झरझर वर जायचे. घरचे मात्र पंधरा दिवस सतराव्या पायरीवर पाय हवेत उचलून आपटत राहिले, मावशी सगळ्यात जास्त.

अशीच एकदा ती धडपडत वर पोचली आणि उत्तरेच्या उजेडात जरा टेकली, तोच समोरनं आवाज आला.

"वहिनीऽऽ! टेप घेऊन या जरा! माझ्या पाटीवर 'भरपूर खुर्च्या' लिहिलंय, गिऱ्हाईक विचारतंय किती!"

मावशी खिडकीत आली. दीर दुकानाच्या दारात मान वर करून उभा होता. तिनं नजरेनंच रस्ता मापला.

"आले होऽऽ!" तिनं ठणठणीत आवाज दिला, आणि मागं वळून सुनेला म्हणाली, "बघ पोरी. हे खरं हाकेचं अंतर."