नितळ पाण्याचा मास्टर

सडैयप्पन मास्टरला देवाने दोन डोळे दिले होते आणि बाकीचं डोकं रिकामं ठेवलं होतं. पण डोळे असे, की नोय्यल नदीकाठच्या आमच्या डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, त्यांचा दरारा. कापडाची चिंधी उजेडाला धरायचा, मान तिरपी करायचा आणि निकाल द्यायचा, "निळा चिमूटभर कमी पडलाय." बहुतेक वेळा खरं निघायचं. तेवढ्या भांडवलावर हा माणूस उभा जन्म आमच्या डोक्यावर बसला.

बनियनच्या कापडात रंग मुरायचा तर हौदात मीठ ओतावं लागतं, पोतीच्या पोती. ओतणारे आम्ही, ओरडणारा तो. "ओता रे हात सैल सोडून! तुमच्या बायकांच्या सांबारात नाही पडत!" आमच्या हातांच्या भेगांत मीठ चुरचुरायचं आणि हा लांब उभा राहून सुपारी कातरायचा. म्हणजे मीठ पडायचं ते ह्याच्याच हुकमाने, ह्याच्याच डोळ्यांदेखत.

रंगकामाचं उरलेलं पाणी ओढ्यात जायचं, ओढा नदीला. आज लाल, उद्या जांभळा. ओढ्याच्या खालच्या अंगाला मास्टरच्या धाकट्या बहिणीची, रामात्ताळची, केळीची बाग. नवरा गेल्यावर बाईने केळीची पानं विकून घर उभं ठेवलं. पंचक्रोशीतली एक पंगत तिच्या पानांशिवाय बसत नसे. विहीर आटत चालली होती, पण त्या रंगीत ओढ्याला तिने कधी मोट लावली नाही की मोटार.

मग सरकारी माणसं आली. पाण्यातला रंग काढा, नाहीतर टाळं ठोकतो म्हणाली. मालकाने कोइमतूरहून एक इंजिनिअर बोलावला. तो म्हणाला, "रंग निघेल हो. मीठ कसं काढणार? त्याला वेगळं यंत्र लागतं, वीज खातं."

"मीठ?" मास्टर फिदीफिदी हसला. काचेचा गिलास उचलून त्याने उजेडाला धरला. "कुठाय? मला दाखवा!"

मालकाला स्वस्तातला शहाणा हवाच होता. इंजिनिअरला परत धाडलं आणि पाण्याचा कारभार मास्टरच्या गळ्यात घातला. ह्याने चुना ओतला, हिराकस ओतला, वर ब्लीचिंगचं पाणी सोडलं. गाळ खाली बसला आणि वरचं पाणी असं नितळ झालं, की बघणाऱ्याने तोंड बघून भांग पाडावा. मग काय विचारता! खांद्यावर जरीकाठी पंचा, खिशात दोन पेनं. लिहिता येत होतं फक्त सहीपुरतं.

तोऱ्यातच तो बहिणीच्या बांधावर गेला. तिला तो लाडाने अम्मिणी म्हणायचा.

"अम्मिणी, मोटार लाव ओढ्याला. तुझ्या अण्णाने पाणी धुऊन दिलंय."

रामात्ताळने ओंजळ भरली, जीभ लावली. "अण्णा, खारट लागतंय रे."

"चुन्याची चव ती. जाईल."

"नक्की ना? माझं सगळं ह्या बागेवर आहे."

"सडैयप्पनच्या डोळ्याला जे दिसत नाही, ते नसतंच!"

थोरला भाऊ तो. भावापुढे स्वतःच्या जिभेचं खरं मानायची तिला सवय नव्हती. तिने मोटार लावली.

पहिल्यांदा पानांच्या कडा करपल्या, दिव्यावर धरल्यासारख्या. मास्टर म्हणाला, ऊन. मग घड पोसेनात. मास्टर म्हणाला, खत कमी. मग सरीवर पांढरा थर धरला आणि गावच्या गाई येऊन बांध चाटायला लागल्या. त्यावरही त्याच्याकडे उत्तर होतं: "गाईला काय कळतं?" तिने घाबरून मोटार बंद केली, तोवर तिच्या विहिरीतही तेच पाणी पाझरलं होतं.

इकडे सरकारी माणसं नितळ पाणी बघून खूश होऊन गेली. मालकाने मास्टरसाठी जेवणावळ घातली. पानं अर्थात रामात्ताळची. बागेत शाबूत राहिलेली तेवढीच होती, तिने ती सगळी कापून आणली. मालकाने तिलाही मानाने समोरच्या पंगतीत बसवलं. मास्टरच्या गळ्यात हार. त्याने पानावर पाणी शिंपडून हाताने पुसलं, तर कड चुरून हाताला लागली. धोतराला पुसून तो जेवायला लागला.

रसम वाढून झाल्यावर रामात्ताळ बोलली. "अण्णा, एक मागते. देशील?"

"माग की! आज काय वाटेल ते."

"तो रंग परत सोड ओढ्यात."

"खुळी झालीस काय गं? लोक हार घालतायत मला!"

"लाल होतं तेव्हा कळायचं तरी. मी लांब राहायची, गाई लांब राहायच्या. तू म्हणालास म्हणून जवळ गेले."

"बाईमाणसाला काय समजावायचं?" मास्टर मालकाकडे बघून हसला. मालकही हसला. पगार त्याचा, म्हणून आमच्यातलेही दोघंतिघं लोचट दात दाखवून मोकळे झाले. मास्टरने गिलास उचलला, खिडकीच्या उजेडाला धरला. "बघ, अम्मिणी, बघ तरी! तळ कसा लख्ख दिसतोय!"

रामात्ताळने बघितलं नाही. तिने पानावरचं शेवटचं शीत उचलून खाल्लं आणि पान मिटलं. आमच्याकडे शुभकार्यात पान आपल्या बाजूला मिटतात, म्हणजे नातं पुढे चालू. पलीकडच्या बाजूला मिटतात ते फक्त मर्तिकाच्या जेवणात. तिने ते पलीकडे मिटलं, भावाच्या तोंडासमोर, आणि उठून हात धुवायला गेली.

पंगतीतले हात थांबले. शेजारच्या म्हाताऱ्याने मास्टरला कोपर मारलं. "अरे, बहिणीचं पान बघ! पान बघ!"

मास्टरने गिलास खाली ठेवला. मान तिरपी करून त्या मिटलेल्या पानाकडे चांगलं निरखून बघितलं, चिंधी बघावी तसं.

"पिवळा जरा जास्त आहे," तो म्हणाला. "ऊन फार पडलंय यंदा."

आणि त्याने पायसम मागवलं.