पुनर्विवाह केलेला नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही.

हिंगोलीकडच्या गोरेगावात माझं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. निराधार, शिष्यवृत्ती, जातीचे दाखले — कागद कसलाही असो, लोक माझ्याकडे येतात. मी सांगितलं म्हणजे तहसीलनं सांगितलं, असं धरून चालतात. माझी थोरली बहीण, अक्का, तीही तसंच धरून चालायची.

दाजी वारले आणि ती लेकीला घेऊन आमच्याकडे राहायला आली. निराधारचं अनुदान — आमच्याकडे त्याला पगारच म्हणतात — मीच तिला सुरू करून दिलं. लेक हिंगोलीला सरकारी वसतिगृहात शिकत होती. घरात आमची आई अंथरुणाला खिळलेली. तिचं हगणं-मुतणं, अंग पुसणं, भरवणं, सगळं अक्का करायची. एकटी. आणि मी? मी दुकानात गर्दी असते म्हणायचो.

मग अक्काला जवळच्याच पुसेगावचं स्थळ आलं. बिजवर, पण भला माणूस. त्या दिवसांत अक्का वेणी घालताना गुणगुणायची — मी ऐकलंय. एका दुपारी ती दुकानात आली, गिऱ्हाईक जाईपर्यंत बाकावर बसून राहिली. मग म्हणाली, “बापू, लगीन केलं तर माझा पगार बंद व्हईल, ते ठावं हाय मला. त्याची फिकीर न्हाई. पोरीचं काही थांबणार न्हाई ना?”

काय थांबणार होतं? काहीच नाही. पोरीचा जातीचा दाखला तिच्या बापाच्या कागदांवरून निघालेला, वसतिगृह त्या दाखल्यावर. आईच्या लग्नाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. हे मला तोंडपाठ होतं. पण आईचं अंथरूण डोळ्यांसमोर आलं — अक्का गेली तर आईचं कुणी करायचं?

मी म्हणालो, तुझं नाव बदललं की पोरीचे कागद बाद होतात. वसतिगृहही जातं.

खोटं बोललो. कीबोर्डवरची बोटंसुद्धा थांबली नाहीत. ती “बरं” म्हणाली आणि उठली. पुसेगावला नकार मीच कळवला.

पुढे दर वर्षी तिच्या पगाराच्या फॉर्मवर ‘पुनर्विवाह केलेला नाही’ ही ओळ मी भरली, खाली तिनं सही केली. आई गेली. भाची नर्स होऊन लांब गेली. आता तरी खरं सांगता आलं असतं — नाही का? नाही सांगितलं. अक्का अजून आमच्याच घरात राबते. मला लाज वाटते, आणि तिच्या हातचं जेवतोही.

मागच्या महिन्यात ती माझा डबा घेऊन दुकानात आली. समोर एक तरुण विधवा बसली होती, मांडीवर लेकरू. दुसरं लग्न केलं तर लेकराच्या कागदांचं काय, असं विचारत होती. मी तोंड उघडायच्या आत अक्काच बोलली, “नको करू गं माय. लेकराचे कागद बाद व्हतात. माझ्या भावाला इचार, त्याला समदं ठावं हाय.”

दोघी माझ्याकडे बघत होत्या.

मी “व्हय” म्हणालो.