मारुतीच्या बंदुकीचं बूच

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोसमोर नाही, देवासमोर नाही, पोलिसांसमोर तर नाहीच. आता तुम्हाला सांगतो — पण आधीच बजावतो, माझी कीव करायची नाही. पश्चात्तापानं माणूस कसा झिजला, हे ऐकायचं असेल तर दुसरीकडे जा. मी झिजलेलो नाही. जेवतो, झोपतो, वेळेवर कामाला जातो. तेच तर सांगायचंय.

धारवाडजवळ बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत मी लेथवर काम करतो. घर धारवाडात. शेडमध्ये मला सगळे बिडरी मास्तर म्हणतात, कारण अडकलेलं काहीही माझ्या हातानं सुटतं — गंजलेला बोल्ट, तुटलेला स्टड, पंपाचा जाम झालेला शाफ्ट. निदान तशी माझी ख्याती होती, आणि ती मला फार आवडायची. किती आवडायची? ऐका.

माझे दोन मेव्हणे अळनावरजवळच्या एका खेड्यात शेती करायचे. थोरला मारुती, धाकटा गंगाराम. एक घर, एक चूल, एक शेत. रानडुकरांपासून भात राखायला त्यांच्याकडे परवान्याची जुनी ठासणीची बंदूक होती — नळीच्या तोंडातून दारू ओतायची आणि गजानं ठासायची, तसली. अशा नळीचं मागचं टोक पेचाच्या जाड लोखंडी बुचानं बंद असतं. नळी आतून नीट साफ करायची तर ते बूच काढावं लागतं. मारुतीनं ते कित्येक वर्षं काढलंच नव्हतं. दारूची राख, पावसाळी हवा — बूच नळीशी एकजीव होऊन बसलं होतं. गावच्या लोहारानं हात टेकले. म्हणून नऊ वर्षांपूर्वी, भात पोटरीला यायच्या सुमारास, मारुती बंदूक पोत्यात गुंडाळून शेडवर घेऊन आला.

"दाजी, तुमच्या हातानं निघालं नाही तर कुणाच्याच हातानं निघायचं नाही," तो म्हणाला. चार माणसांदेखत म्हणाला.

बंदुकीला हात लावायचा परवाना माझ्याकडे नव्हता. नाही म्हणता आलं असतं. म्हटलं का?

नळी रिकामी आहे हे आधी गज घालून पाहिलं — तेवढी अक्कल होती. दोन दिवस ती डिझेलमध्ये बुडवून ठेवली. मग वाइसच्या जबड्यात आवळून धरली, गॅसनं तापवली, पान्हा लावला. हलेना. पुन्हा तापवली. शेजारच्या मशीनवरचा बसप्पा म्हणाला, "बिडरी मास्तर, सोडा. जुनं लोखंड आहे, फुटेल." तोच बरोबर होता. मी पान्ह्याच्या दांड्यावर तीन फुटांचा पाइप चढवला आणि अंगाचं सगळं वजन टाकलं.

टक् — बूच फिरलं. शेडमध्ये टाळ्या पडल्या. कुणीतरी चहा सांगितला.

चहा यायच्या आत मी नळीचं मागचं तोंड पुसलं आणि मला ते दिसलं. पेचाचे दोन-तीन आटे खरवडून गेले होते, आणि काठापासून आत केसासारखा तडा गेला होता. पेरभर लांब. ती नळी आता फक्त भंगारात घालायच्या लायकीची होती. बंदूक न्यायला आलेला मारुती हातभर अंतरावर उभा होता, हसत होता. नळी गेली, माझ्या हातानं गेली — एवढंच सांगायचं होतं. पण टाळ्या नुकत्याच वाजल्या होत्या ना? मी तड्यावर फडकं धरलं आणि म्हणालो, "परवा ये. नवी करून देतो."

तड्यात पितळ भरलं, कानस मारली, पॉलिश केलं, बूच आवळून बसवलं. दिसायला झकास. आता तुम्ही म्हणाल, टिकेल असंच वाटलं असेल बिचाऱ्याला. नाही! तुमचा हा चांगुलपणा तुमच्यापाशीच ठेवा. उभी हयात लोखंडात गेली माझी — दारूच्या धडाक्यापुढं पितळ किती टिकतं, हे मला कळत नव्हतं? मी स्वतः ती बंदूक खांद्याला लावली असती का? कधीच नाही. मला इतकंच हवं होतं, की ती फुटली तर शेडमधल्या माझ्या माणसांसमोर फुटू नये.

तिसऱ्या बाराला फुटली. दिवस मावळताना बांधावर डुकरं आली. गंगारामनं दारू भरली, मारुतीनं नेम धरला. बूच मागं उडालं आणि त्याच्या उजव्या डोळ्यावर बसलं. डोळा गेला.

हुबळीच्या दवाखान्यात त्याला आणलं. माझी बायको सुशीला, या दोघांची बहीण, भिंतीला टेकून उभी होती. "असं कसं झालं हो?" तिनं विचारलं. माझ्यावर कुणाचा संशयसुद्धा नव्हता. तरी मी म्हणालो, "दारू जास्त झाली असणार. भरली कुणी?"

"मी." गंगारामच्या शर्टावर भावाचं रक्त होतं. "पण अण्णाच्याच मापानं भरली, दाजी. मापानंच."

"घाईत चुकतं माप माणसाचं."

हे मी बोललो. आवाज चढला नाही, जीभ अडखळली नाही. पोलिसांनी तुकडे पोत्यात भरून नेले. तड्याच्या जागी पितळ पिवळंधमक दिसत होतं, पण बघणाऱ्याला त्याचा अर्थ कळला नाही. कागदावर अपघाताची नोंद झाली, कारण दारू जास्त. मारुतीनं तेच धरून ठेवलं. वर्षाच्या आत शेत वाटलं गेलं, घर वाटलं गेलं. गंगाराम बायकोपोरांसह हुबळीला आला आणि विद्यानगरात एका इमारतीवर वॉचमन लागला. शेतातला माणूस — प्लास्टिकच्या खुर्चीत बसून गाड्यांचे नंबर लिहितो.

मारुतीच्या मुलीच्या लग्नात गंगारामला बोलावणं नव्हतं. सुशीला दोन दिवस जेवली नाही. मला मात्र मारुतीनं सगळ्यांत पुढं बसवलं, स्वतःच्या हातानं फेटा बांधला आणि मांडवात सांगितलं, "दाजींनी बंदूक नवी करून दिली होती. माझ्या भावानं वाटोळं केलं." फेटा काढून ठेवला का मी? नाही ठेवला. जेवणं होईपर्यंत डोक्यावर होता. फोटोत आहे.

मग आता का बोलतोय? मला कुणी पकडलेलं नाही. गेल्या महिन्यात गंगाराम घरी आला होता. सुशीलानं चहा दिला. साखर घालताना त्यानं चमचा उजेडात धरून दोनदा बघितला, मग घातली. आणि आपणहूनच म्हणाला, "दाजी, मी आता वाद घालत नाही. त्या दिवशी माझा हात जड पडला असेल. अण्णाचा डोळा मीच घालवला."

नऊ वर्षं तो नाही म्हणत होता. आता हो म्हणाला. आणि मी मान हलवली. होकारार्थी.

तर ऐका. तडा मी पाडला, मी बघितला, मी झाकला. दोष गंगारामच्या गळ्यात मी बांधला. भीतीनं नव्हे, नुसत्या ताठ्यानं. मला माफी नको, समजूत नको, "झालं ते झालं" तर अजिबातच नको.

इथवर लिहिलेल्याच्या दोन प्रती काढून आणल्यात, एकेक दोघा भावांना. माझ्या हातानं लिहिलेले हे मूळ कागद सुशीलासाठी. ती आत भाकऱ्या थापतेय. आता उठतो आणि तिच्या हातात देतो. वाचल्यावर कुणी काय करायचं, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी घरीच आहे.