आठ खुर्च्यांसाठी एक चाल

हेंद्रेपाड्यातल्या दोन खोल्यांच्या घरात मायाने पलंगावर, चटईवर, फ्रिजच्या डोक्यावर, जिथं जागा सापडेल तिथं कागद पसरले होते आणि मधोमध ती कळपातून चुकलेल्या शेळीसारखी बसली होती. कागद सगळे बँडच्या संगीताचे. कुणावर ‘दर्जा एक’ लिहिलेलं, कुणावर ‘दर्जा दोन’, म्हणजे वाजवायला किती अवघड त्याचा आकडा. एकात बारा प्रकारची वाद्यं मागितलेली, त्यातली पाच तिने जन्मात पाहिली नव्हती. पालेगावच्या ज्या शाळेत ती संगीत शिकवायची तिथल्या बँडात अकरा क्लॅरिनेटं, चार ट्रम्पेटं, दोन बासऱ्या आणि एक सॅक्सोफोन. क्लॅरिनेटं अकराच का, हे शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. ती आधीपासून कपाटात होती.

आता यातून एकच चीज निवडायची होती, जी ही अठरा पोरं वाजवतील आणि तिच्या वडिलांची आठ माणसंही वाजवतील. घोळ तिनेच घातला होता. स्नेहसंमेलनात यंदा परिसरातल्या कलाकारांनाही घ्यायचं, असं मीटिंगमध्ये निघालं आणि मायाच्या तोंडून सुटून गेलं की माझ्या वडिलांची पार्टी आहे, ती पोरांबरोबर स्टेजवर बसून वाजवेल. मुख्याध्यापिका संजीवनी मॅडमनी चष्मा वर केला. नाही म्हणाल्या नाहीत. शनिवारी हॉलमध्ये तालीम दाखवा, म्हणाल्या. सगळे एकत्र सुरू झाले आणि एकत्र संपले, तर आठ खुर्च्या वाढवू. नाहीतर पोरांचा बँड एकटा वाजवेल, त्यात वाईट वाटून घेऊ नका.

मॅडमचं बोलणं चुकीचं नव्हतं. पण ‘आठ खुर्च्या’ हे दोन शब्द मायाच्या काळजात जाऊन बसले.

कारण रामभाऊंनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, खुर्चीवर बसून आजवर एक सूर वाजवला नव्हता. उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात ‘रामभाऊ अँड पार्टी’ची पत्र्याची पाटी होती तेव्हापासून त्यांनी उभ्याने वाजवलं, चालत वाजवलं. सिंध्यांच्या वराती वाजवल्या, आगऱ्यांच्या हळदी वाजवल्या, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पहाटेपर्यंत वाजवलं. सिंधी साईं लोक खुश झाले की टोपीत नोट खोचायचे, नवरदेवाचे मित्र कानाशी येऊन नाचायचे, पण बसा असं कुणी म्हटलेलं मायाला आठवत नव्हतं. पंगतीही सगळ्यात शेवटी, आणि त्याही ढोलाच्या पेटाऱ्यावर टेकून. पुढे डीजे आले, पाटी गंजली. बावीस जणांचे आठ उरले. रामभाऊंचे वरचे दात गेले, कवळी आली. कवळी पावडरीने घट्ट चिकटवून ते अजून क्लॅरिनेट फुंकत, पण अर्ध्या तासाने ती सुटायची आणि सूर शिट्टीवर जायचा.

माया त्यांच्याकडेच शिकली, गच्चीवर, पाण्याच्या टाकीआड, कारण तेव्हा बँडात पोरगी म्हणजे लोकांनी बोटं दाखवायची गोष्ट होती. नंतर एका रिटायर बँडमास्तरांकडून ती कागदावरचं वाचायलाही शिकली, परीक्षा दिल्या, नोकरीला लागली. म्हणजे तिचा एक कान घरचा आणि एक डोळा कागदाचा. दोघांचं जमलं तर बरं, नाही जमलं की ही अशी पसाऱ्यात बसायची.

पहिल्यांदा तिने कागदाचं ऐकलं. डोंगरावरच्या पहाटेची एक परदेशी चीज निवडली, दर्जा दोन. फोनवर ऐकली तेव्हा अंगावर काटा आला होता. पण फोनवर वाजवत होते ते साठ जण. इकडे तिसऱ्या क्लॅरिनेटवाल्या पोरांना चोवीस मात्रा नुसतं गप्प बसायचं होतं, आणि मोजता मोजता राजसी नावाची मुलगी जांभई देऊन खिडकीबाहेरची कावळ्यांची शाळा बघायला लागली ती लागलीच. पार्टीच्या माणसांना वाचता येत नव्हतं. त्यांच्यासाठी मायाने चाल गाऊन दाखवली, तर दोन दिवसांत आठांनी ती पोरांपेक्षा सफाईने उचलली. मायाला वाटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं.

मंगळवारी पोरं आणि पार्टी दोघांना एकत्र बसवलं. सुरुवात झकास. मधलंही बरं. शेवटच्या ओळीला पोरं कागदाप्रमाणे थांबली, आणि पार्टी थांबलीच नाही. फिरून पहिल्यापासून सुरू. मायाने हात हलवले, पाय आपटला. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ट्रम्पेटवाली पोरं हसायला लागली आणि पार्टीतले म्हातारे ओशाळून एकमेकांकडे बघायला लागले.

साइड ड्रमवाले आण्णा चामटोलीचे, रामभाऊंचे चाळीस वर्षांचे साथीदार. त्यांनी काड्या काखेत धरल्या आणि शांतपणे विचारलं,

“माये, ता संपतंय कुठं? दार कुठं हाय?”

मायाला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कळल्यावर गोंधळ वाढला. यांच्या चालीला शेवट कधी नव्हताच. वरात रस्त्यात असेतो चाल फिरत राहायची, दहा वेळा, तीस वेळा. मंडपाच्या दाराशी पोचलं की यजमान पुढे येऊन हात जोडायचा, बँडमास्तर क्लॅरिनेट खाली घ्यायचा, आण्णा ड्रमवर तीन ठोके द्यायचे, आणि ते संपलं. यजमानाने हात जोडायच्या आधी थांबणं म्हणजे त्याचा अपमान. या माणसांनी आयुष्यभर लोकांना दारापर्यंत पोचवलं होतं. ओळ संपली म्हणून थांबायचं, हे त्यांच्या बोटांना पटत नव्हतं.

मग तिने घरचं ऐकलं. रामभाऊंची स्वतःची एक चाल होती, वळणाची, वरात मंडपाजवळ आली की काढायची. ती पोरांना दिली. कोणतीही चाल घ्यायची झाली की रामभाऊ एकच विचारायचे, घाट किती वेळा? क्लॅरिनेटवर खालच्या सुरांतून वरच्या सुरांत जाताना एका ठिकाणी सगळी भोकं एकदम झाकावी लागतात, नवशिक्याचा सूर तिथं हमखास फाटतो. त्याला ते घाट म्हणत. या चालीत घाट नऊ वेळा होता. अकरा क्लॅरिनेटं नऊ वेळा घाटात पडली. हॉलबाहेरचा शिपाई आत डोकावून गेला, कुणाला लागलं का बघायला.

गुरुवार गेला. कागद धरावा तर म्हातारे सुटतात, म्हातारे धरावेत तर पोरं फाटतात. तिने सोप्या चार चाली काढल्या, त्या इतक्या सोप्या की रामभाऊंनी ऐकून नुसतं हं म्हटलं. त्या हं मध्ये सगळं आलं. शेवटी तिच्या मनात आलं की मॅडमना सांगून टाकावं, नाही जमत. आठ खुर्च्या नकोत. पण हे घरी कसं सांगायचं, तेही सुचेना.

शुक्रवारी दुपारी ती शाळेतून आली तर रामभाऊ ओट्याशी खुर्ची घेऊन बसलेले, हातात क्लॅरिनेट, आणि पायांकडे बघत होते.

“काय झालं, आबा?”

“बसून बघत होतो,” ते म्हणाले. “पायांचं काय करायचं गं? हे थांबले की बोटं विचारतात, आता जायचं कुठं.”

माया जेवायची राहिली. ती तिथंच ओट्याला टेकून उभी राहिली. ड्रमच्या आधी यांचा ताल पायांतून येतो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं, तरी तिने आठ जणांना आणून भिंतीसारखं बसवलं होतं. मग डोक्यात उलटसुलट चालू झालं. चालवायचं म्हटलं तर खुर्च्या गेल्या. बसवायचं म्हटलं तर ताल गेला. बराच वेळ ती या दोन टोकांत लोलकासारखी लोंबकळली आणि मग तिने पेन्सिल घेतली.

चाल रामभाऊंचीच ठेवली. पोरांसाठी तिच्या खालून जाणारी एक साधी ओळ लिहिली, आठ मात्रांची, घाट एकदाही नाही. तीच फिरत राहायची. गप्प कुणी बसायचं नाही, तिसऱ्या क्लॅरिनेटनेही नाही. पोरं स्टेजवर बसून ती ओळ वाजवणार, आणि पार्टी हॉलच्या मागच्या दारातून वळणाची चाल वाजवत लोकांमधून चालत येणार, पायऱ्या चढणार आणि एकेक जण आपापल्या खुर्चीत बसणार. शेवटी रामभाऊ. ते बसले की चाल संपली.

शनिवारी मॅडम हातात कागद-पेन घेऊन हॉलच्या मध्ये उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलं, एकूण किती मात्रा? माया म्हणाली, चालण्यावर आहे. मॅडमनी पेन तसंच धरून ठेवलं.

“म्हणजे हे कधी संपणार, ते तुम्हालाच माहीत नाही.”

“आबा बसले की, मॅडम.”

तालमीत मायाने मान हलवली, रामभाऊ बसले, मायाने हात खाली केला, आण्णांनी तीन ठोके दिले, सगळे एकत्र थांबले. मॅडमनी पेनला टोपण लावलं. मग शिपायाला सांगितलं, आठ खुर्च्या वाढव. जाताना मायाला म्हणाल्या की मला यातलं नक्की काय आवडलं ते सांगता येणार नाही. मायालाही ते आवडलं होतं की नाही, हे कळलं नव्हतं. दर्जाच्या यादीत ही चीज कुठं बसते, हे ती मनात शोधत राहिली. कुठंच बसेना.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी हॉल गच्च. पालेगावचे नव्या बिल्डिंगवाले, जुने गाववाले, चामटोलीहून आण्णांची सगळी भावकी. पोरांनी ओळ सुरू केली. चौथ्या फेऱ्याला मागचं दार उघडलं आणि पार्टी आत आली, ठेवणीतले लाल कोट, खांद्यावरची जर काळी पडलेली. लोक माना वळवून बघायला लागले, मग काही जण उभे राहिले. आण्णा रंगात आले. पायऱ्या चढले, एकेक बसत गेला, युफोनियमचा मोठा भोंगा घेतलेला बसला, ट्रम्पेटवाले बसले, आण्णा बसले, सात जण झाले.

रामभाऊ खुर्चीपुढे आले आणि बसेनात.

मायाने मान हलवली. ते वाजवत उभे. तिने डोळ्यांनी खुर्ची दाखवली. ते वाजवत उभे. पोरांची ओळ फिरत होती, विसावा फेरा, बाविसावा, ट्रम्पेटवाल्यांचे ओठ सुजायला आले, राजसीने तर डोळेच मिटून घेतले होते आणि बोटं आपली चालू. दाराबाहेर सूर जुळवण्यातच अर्धा तास गेला होता, कवळीची वेळ होत आली होती. सुरात एक बारीक शिट्टी मिसळायला लागली. यांना खुर्ची दिसत नाही का? की बसायचंच नाही? तालमीत तर बसले होते.

मग तिने ते कुठं बघताहेत ते बघितलं. रामभाऊ पहिल्या रांगेत संजीवनी मॅडमकडे बघत होते, टक लावून, भुवया वर करून. तालमीत हॉल रिकामा होता. आज घर भरलेलं होतं, कार्य होतं, आणि कार्याची यजमान समोर बसली होती. तिने हात जोडल्याशिवाय ते कसे थांबतील?

मॅडमना याची काय कल्पना? त्या घड्याळाकडे बघत होत्या.

मायाला दुसरं काही सुचलं नाही. तिने ताल देणारा हात सोडला, पोरांकडे पाठ केली आणि स्टेजच्या काठाशी येऊन मॅडमना हात जोडून नमस्कार केला. मॅडम दचकल्या. शेजारच्या पाहुण्यांकडे बघितलं, मायाकडे बघितलं, आणि समोरच्याने हात जोडल्यावर कुणीही करील तेच त्यांनी केलं. अर्धवट उठून त्यांनीही हात जोडले.

रामभाऊंनी क्लॅरिनेट खाली घेतलं आणि बसले.

ओळ मधल्या मात्रेवर तुटली. निम्मी पोरं थांबली, निम्मी दोन सूर पुढे जाऊन थबकली, सॅक्सोफोन एकटाच काही क्षण रेंगाळला. संपलं की बिघडलं, कुणालाच कळेना. टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. तेवढ्यात आण्णांनी बसल्या जागी ड्रमवर तीन ठोके दिले, आणि मग चामटोलीच्या भावकीने जी टाळ्यांना सुरुवात केली ती थांबवायला निवेदिकेला माईक हातात घ्यावा लागला.

कार्यक्रमानंतर मॅडमनी मायाला गाठलं. नमस्कार कसला होता, हे त्यांनी विचारलं नाही. अहवालात लिहायचंय, म्हणाल्या, ही चीज कोणत्या दर्जाची धरायची? मायाने मनात हिशोब केला. पोरांची ओळ धरली तर एकाच्याही खालची, आबांची धरली तर यादीबाहेरची, आणि शेवट धरला तर नापास. माहीत नाही, ती म्हणाली. मॅडमनी ती जागा कोरी ठेवली.

स्टेजवर शिपाई खुर्च्या उचलत होता. सात उचलून झाल्या होत्या. आठवीवर रामभाऊ कवळी रुमालात गुंडाळून, दोन्ही पाय लांब सोडून बसले होते. शिपाई बाजूला थांबून राहिला.